नवरीमागची नदी

आमच्या लॅबमध्ये त्या दुष्काळात गंगापूर-वैजापूरकडच्या निम्म्या नवरानवरींच्या मागून एकच नदी वाहत होती. नदी कुठली, ते मला आजही ठाऊक नाही. कोकणातली असेल, केरळातली असेल. आमचा ऑपरेटर मधुकर याच्याकडे असल्या दृश्यांचा एक मोठा फोल्डर होता आणि त्याला आम्ही नुसतंच ‘हिरवं’ म्हणायचो. खेड्यातले फोटोग्राफर लग्नाचे फोटो पैठण गेटजवळच्या आमच्या लॅबमध्ये आणून द्यायचे, आम्ही त्यांचे जाड पानांचे अल्बम करून द्यायचो. त्या वर्षी येणाऱ्या प्रत्येक फोटोत मागं तीच उघडी माळरानं, वाळलेली बाभूळ आणि टँकर दिसायचा. कुणालाच ते अल्बममध्ये नको असायचं. आधी गिऱ्हाइकं म्हणायची, “मागं जरा हिरवं टाका.” पुढं आम्हीच न विचारता टाकायला लागलो. हिरवं नको असेल तर तसं सांगावं लागे, आणि तसं कुणी सांगत नसे.

एका आजोबांनी मात्र नातवाचा अल्बम उघडून मला गंभीरपणे विचारलं होतं, ही नदी आपल्या शिवारात कुठून आली आणि आली ती आम्हाला कळवल्याशिवाय कशी आली? दुसऱ्या एका नवरदेवाला मागं वेरूळचं लेणं पाहिजे होतं, पण पर्यटक वगळून. एका काकूंनी म्हैस जरा भरलेली दाखवा म्हणून विनंती केली, कारण फोटो व्याह्यांकडे जायचा होता. मधुकरनं म्हैस भरली. तो या कामात फार तरबेज होता. माणसाच्या कडेनं अशी बारीक कात्री चालवायचा की केसाची बटसुद्धा सुटायची नाही.

मी यातलं काहीच करत नव्हते. मी तिथली कॉम्प्युटरवाली पाठकबाई. नातेवाइकांची समजूत अशी, की मी फोटो काढते किंवा फोन दुरुस्त करते, आणि दोन्ही कामं ते मला प्रत्येक समारंभात सांगतात. खरं काम सांगायला गेले की ऐकणाऱ्याचे डोळे जडावतात. तरी इथं एकदा सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

मधुकर आणि इतर ऑपरेटर पुढच्या खोलीत बसत. जुने सगळे मूळ फोटो मागच्या कोठीतल्या एका काळ्या, घरघरणाऱ्या सर्व्हरमध्ये असत. या दोघांच्या मध्ये एक लिनक्सचं यंत्र होतं, ते माझ्या ताब्यात. त्या यंत्राचं काम एवढंच, की मागच्या कोठीतलं कपाट पुढच्या खोलीत उघडायचं. याला माउंट करणं म्हणतात. मधुकरला वाटायचं फोटो आपल्या हाताशीच आहेत. कपाट मागं आहे, दार मात्र त्याच्या खोलीत आहे, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. दार नीट उघडत होतं तोवर माझी कुणाला आठवण होत नसे, आणि आमच्या धंद्यात यालाच चांगलं काम म्हणतात.

कोठीतला तो सर्व्हर शकीलभाईंनी बसवलेला. शकीलभाई लॅबचे पहिले कॉम्प्युटरवाले. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला सगळं हाताला धरून शिकवलं, आणि त्या सर्व्हरची ओळख करून देताना म्हणाले, “ये बडे मियाँ हैं. इनकू हिलाने का नक्को, सिर्फ सलाम करने का.” सर्व्हर आमच्याकडे आला तेव्हाच जुना होता. तो डबा विकणारी कंपनी पुढं बंद पडली. त्याला बोलायचा एकच मार्ग ठाऊक होता आणि तो शकीलभाईंनी आमच्या मधल्या यंत्राला शिकवून ठेवला होता. ते निवृत्त झाले, त्यानंतरही कितीतरी वर्षं मी सकाळी कोठी उघडली की आधी बडे मियाँच्या अंगावर हात ठेवून ऊब बघायची. सवय. मालक दर वर्षी म्हणायचे, यंदा सगळे फोटो नव्या डिस्कवर घेऊन टाकू, लगीनसराई संपू द्या. लगीनसराई संपली की गणपती यायचे, आणि ते राहून जायचं.

मग एकदा शेजारच्या लॅबच्या यंत्रांत व्हायरस शिरला, सगळं काम गेलं, आणि आमच्या मालकांनी घाबरून मला सगळी यंत्रं अद्ययावत करायला सांगितली. मधल्या यंत्राचा कर्नल मी बदलला. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. पडदा, तारा, डिस्क, सगळ्यांशी तोच बोलतो. नवा कर्नल घातला, यंत्र बंद करून चालू केलं, रोजची कामं बिनबोभाट सुरू झाली. जुन्या फोटोंचं कपाट त्या आठवड्यांत कुणी उघडलंच नाही. नवी लग्नं इतकी होती, की जुन्यांकडे वळायला कुणाला फुरसत?

ते वर्ष पुन्हा कमी पावसाचं होतं. शहराचं नाव बदललं म्हणून पाट्या बदलत होत्या, नव्या जलवाहिनीसाठी रस्ते खोदले जात होते, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी आमचा निम्मा स्टाफ उशिरा यायचा. अशाच एका शुक्रवारी सकाळी संगीता आली.

लासूर स्टेशनच्या बाजूच्या खेड्यातली. अंगणवाडीत काम करणारी, पस्तिशीची बाई. पिशवीतून तिनं आमच्याच लॅबचा अल्बम काढला, तिच्या स्वतःच्या लग्नाचा. तिची आई वारली होती. रविवारी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आईचा फोटो ठेवायचा होता, आणि घरात धड फोटो नव्हता. मोबाईलमध्ये होते ते सगळे आजारपणातले, नाकाला नळी लावलेले. आधार कार्डावरचा मोठा करून बघितला, तर तिची मुलं म्हणाली, ही आजी नाही.

मी म्हटलं, लग्नाच्या अल्बममधून घेऊ की. नवरीची आई म्हणजे पाच-पंचवीस फोटोंत असणारच.

तिनं मान हलवली. लग्नाच्या दिवशी मांडवात टँकर उशिरा आला होता, आणि आलेलं पाणी वऱ्हाडाच्या जेवणाआधी संपू नये म्हणून आई दिवसभर ड्रमांपाशी उभी राहिली. स्टेजवर बोलावलं की आले आले म्हणायची. आली नाहीच. हे सांगताना संगीताच्या आवाजात दुःखाबरोबर थोडा रागही होता, इतक्या वर्षांचा.

“आईनं माझं लगीन बघितलंच नाय, मॅडम. पाणी राखत बसली.”

मग तिनं अल्बमचं एक पान उघडलं. नवरानवरी शेजारी शेजारी उभे, आणि त्यांच्या मागून मधुकरची ती नदी वाहतेय, काठावर गच्च हिरवळ. संगीतानं नदीच्या मधोमध बोट ठेवलं.

“इथं माझी आई हाय.”

मला क्षणभर समजलं नाही. मधुकरला माझ्याआधी समजलं. फोटो काढला तेव्हा आई मागं ड्रमांपाशी होती, हे संगीताला पक्कं आठवत होतं, कारण फोटोग्राफरनं ‘मागच्या बाई बाजूला व्हा’ म्हणून ओरडा केला होता आणि आई हलली नव्हती. अल्बम हाती आला तेव्हा मागं नदी होती. त्या वेळी घरातल्या सगळ्यांना नदी आवडली. आईलाही.

मधुकर म्हणाला, मूळ फोटो असणार, आपण मूळ कधी पुसत नाही. तो खुर्चीवर बसला, जुन्या फोटोंचं कपाट उघडलं आणि तसाच थांबला. कपाट रिकामं होतं. एकही फोल्डर नाही. इतक्या वर्षांची लग्नं, बारशी, जावळं, साठीचे समारंभ, काहीच नाही. त्यानं माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही.

इथं एक गोष्ट मला ठाऊक होती, जी त्याला नव्हती. माउंट झालं नाही, तर यंत्र तुम्हाला कपाट दाखवत नाही, दार बसवायची मोकळी जागा दाखवतं. ती नेहमीच रिकामी असते. म्हणजे फोटो गेले असं नव्हे, दार उघडलं नाही इतकंच. हे मी त्याला ठणकावून सांगितलं, संगीतालाही सांगितलं आणि कोठीत जाऊन बडे मियाँच्या अंगावर हात ठेवला. ऊब होती. घरघर होती. 

मग मी आपल्या पद्धतीनं एकेक बघत गेले. तार काढून पुन्हा लावली. मधल्या यंत्रावरून बडे मियाँना हाक मारली, त्यांनी ओ दिली. तुमच्याकडे कोणकोणती कपाटं आहेत असं विचारलं, त्यांनी नावं सांगितली. म्हणजे आत सगळं जागच्या जागी होतं. परवानग्या तपासल्या, सुरक्षेची भिंत क्षणभर खाली करून बघितली. दार काही उघडेना. शेवटी यंत्रानं लिहून ठेवलेला निरोप शांतपणे वाचला, जो मी पहिल्यांदाच वाचायला हवा होता. समोरचा सर्व्हर ज्या पद्धतीनं बोलतो, ती पद्धत मला येत नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. बडे मियाँची ती बोलण्याची रीत फार जुनी आणि असुरक्षित म्हणून नव्या कर्नलमधून काढून टाकलेली होती. काढणाऱ्यांचंही चुकलं नव्हतं. जगात अजून कुणी तसं बोलत असेल, असं त्यांना वाटलं नसणार.

माझे वडील कारकून होते. त्यांच्या पेटीत निजामाच्या काळातले उर्दू कागद होते. ते भराभर वाचायचे, मला त्यातलं एक अक्षर येत नाही. ते गेल्यावर मी तो गठ्ठा हातात घेऊन बसले होते, तेव्हा जसं वाटलं होतं तसंच मला त्या पडद्यासमोर वाटलं. कागद कोरे नव्हते.

असं झालं की आधीच्या कर्नलवर परत जायचं, हा साधा उपाय. पण आधीचा कर्नल यंत्रानं जागा करण्यासाठी केव्हाच झाडून टाकला होता. आजची तरुण मंडळी म्हणतील, जुनी प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घ्यायची. घेतली असती. पण रस्त्यात जलवाहिनीसाठी खोदताना आमची केबल त्याच सकाळी तुटली होती. आणि खरं सांगायचं तर मला शकीलभाईंना फोन करायला निमित्त हवं होतं. निवृत्त होताना ते एक जुनं यंत्र घरी घेऊन गेले होते, बडे मियाँच्याच पिढीचं. त्यावर ते गाणी ऐकत. त्याचा गाभा त्यांनी कधी बदलला नसणार, म्हणजे बडे मियाँची रीत त्याला अजून येत असणार, याची मला खात्री होती.

फोनवर सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “बडे मियाँ जिंदा हैं ना? फिर कायकू रोते?”

मी रिक्षा करून मुकुंदवाडीला गेले. मी नोकरीला लागले तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे गाव संपत आल्याची खूण होती, स्टेशनच्या पलीकडे ज्वारी दिसायची. आता रिक्षावाल्यालाच विचारत विचारत जावं लागलं. पुलाखालून वळा, मॉलच्या मागून घ्या, खोदलेला रस्ता टाळा. जिथं शकीलभाईंबरोबर उभं राहून मी उसाचा रस प्यायले होते, तिथं मोबाईलचं दुकान होतं. शहर वाढलं याचा मला आनंद आहे, माझ्या मुलाला इथंच नोकरी मिळाली. पण त्या रिक्षात मला फार एकटं वाटलं.

शकीलभाई इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, ड्युटीवर निघाल्यासारखे. मधल्या काळात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात थरथरायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. भाभींनी यंत्र चादरीत गुंडाळून दिलं. मी म्हटलं, मी घेऊन जाते, संध्याकाळी परत आणून देते. ते सरळ जिना उतरायला लागले. रिक्षात यंत्र त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यावर त्यांचा तो थरथरणारा हात. वाटेत त्यांनी माझ्याकडे लॅबमधल्या सगळ्यांची चौकशी केली. त्यातले निम्मे आता लॅबमध्ये नव्हते, हे मी त्यांना एकेक करून सांगत गेले.

संगीता बाकावर अल्बम मांडीवर घेऊन तशीच बसली होती. मधुकरनं तिला चहा दिला होता, तो निवून गेला होता. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, “घावंल ना?” मी हो म्हणाले. अजून मला काहीच ठाऊक नव्हतं.

शकीलभाई कोठीत गेले. आधी त्यांनी माझ्यासारखाच हात ठेवला, म्हणजे मी त्यांच्यासारखा ठेवत होते हे मला तेव्हा लक्षात आलं. मी त्यांचं यंत्र तारेनं बडे मियाँना जोडलं. आज्ञा त्यांना टाईप करायची होती, पण बोटं दोनदा भलत्याच अक्षरांवर गेली. मग ते मला तोंडी सांगायला लागले आणि मी टाईप करत गेले, पहिल्या वर्षी करायचे तशी. शेवटची कळ दाबायला मी त्यांचं बोट येऊ दिलं. पडदा थोडा वेळ गप्प राहिला. मग नावं उतरायला लागली, गावांची नावं. लासूर, सावंगी, शिल्लेगाव, वेरूळ. फोल्डरामागून फोल्डर, सगळी लग्नं जिथल्या तिथं.

शकीलभाई म्हणाले, “देखा? सलाम लेते अबी बी.” आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, चष्म्यामागचं सगळंच पुसलं.

त्यांचं यंत्र आम्ही पुढच्या खोलीत मधुकरच्या शेजारी मांडलं. मधुकरनं फोल्डर शोधला, तो मूळ फोटो शोधला आणि उघडला.

नदी नव्हती. तापलेलं, फिकट आभाळ. पायांखालची भुकटी झालेली माती. कापडी मांडवाचा एक खांब, त्याला बांधलेली आंब्याची वाळकी पानं. पुढं नवरानवरी, संगीता तेव्हा किती बारीक होती. आणि त्यांच्या मागं, निळ्या ड्रमांच्या रांगेपाशी, एक उंच बाई. पदर कमरेला खोचलेला, एक हात ड्रमच्या झाकणावर घट्ट दाबलेला. ऊन तिच्या तोंडावर होतं आणि चेहरा स्वच्छ दिसत होता.

 मधुकर त्या बाईकडे बघत होता. तिच्या जागी नदी त्यानंच बसवली होती. थोड्या वेळानं त्यानं हलक्या आवाजात संगीताला विचारलं, की ताई, फक्त आईंना वेगळं काढतो, ड्रम-बिम घालवतो, मागं छान साधा रंग देतो, चालेल ना? त्याला भरपाई करायची होती आणि त्याच्या हातात तेवढीच एक कला होती.

“नाय,” संगीता म्हणाली. “ड्रम ऱ्हाऊ द्या. ती ड्रमापासून हलली नाय, म्हणून शंभर माणूस जेवून गेलं.”

मग ती खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली आणि म्हणाली, जरा मोठं करा. मधुकरनं मोठं केलं. अजून, म्हणाली. झाकणावरचा हात पडद्याबाहेर गेला, ड्रम गेले, आणि फक्त चेहरा राहिला. आईची नजर पाण्याकडे नव्हती, फोटोग्राफरकडेही नव्हती. ती थोडी खाली, पुढं उभ्या असलेल्या नवरीच्या पाठीवर होती, आणि ओठ किंचित उघडे होते, लग्नातल्या मंगलगाथेबरोबर आपणही म्हणत असल्यासारखे.

संगीता किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. शकीलभाई बाकावरून उठून हळूच बाहेर जाऊन उभे राहिले.

ती लॅब आता नाही. मालकांनी जागा विकली, तिथं कपड्यांचं मोठं दुकान झालंय. संगीता येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात मी आणि शकीलभाईंनी मिळून सगळे मूळ फोटो नव्या डिस्कवर उतरवले. ते रोज रिक्षानं यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझ्या नोकरीतले ते दिवस मला परत कुणी दिले तर मी बाकीची वर्षं सोडून देईन. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. बडे मियाँ त्याच्या आधी थंड झाले होते. ते फोटो मी अजून कधीतरी उघडते. नवरानवरीकडे बघत नाही. मागं बघते, मांडवाच्या कडेला, टँकरपाशी, चुलीपाशी.

पण त्या दिवशीचं राहिलं. फोटो छापून झाला, पूर्ण फोटो, ड्रमांसकट, मातीसकट. संगीतानं तो वर्तमानपत्रात गुंडाळला, अल्बमसोबत पिशवीत ठेवला, आणि दारापर्यंत जाऊन परत आली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं, पण माझ्याकडे न बघताच तिनं ते सांगितलं.

“बघत व्हती की,” ती म्हणाली. “सगळं बघत व्हती.”